भोंगा आणि हूटर

मी आज जिथे उभा आहे तिथे मला आणून सोडणारा माणूस म्हणजे माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. त्याचं नाव लिहीत नाही. कंपनीच्या गेटवर त्याला सगळे मामाच म्हणत. ट्रकवाले तेवढे चाचा म्हणत.

आमचं गाव मनोरच्या आत, डोंगराच्या बाजूला. भात कापून झाला की आईबाप कामाला बाहेर पडत आणि पावसाच्या तोंडावर परत येत. गावची शाळा सातवीपर्यंत होती. सातवी झाल्यावर मामा आला, चहा प्यायला आणि आईला म्हणाला, “हा माझ्याकडं राहील. तुमी जा तुमच्या कामाला.” एवढंच बोलणं झालं. मी दप्तर आणि एक पिशवी घेऊन त्याच्यामागे बोईसरला आलो.

मामा तेव्हा एमआयडीसीत यंत्रमागावर होता. त्याची खोली लूमच्या शेडला लागूनच होती. मधे एक भिंत. लूम चालू असताना ती भिंत, फरशी, पत्र्याची पेटी, सगळं बारीक हलत असायचं. हात टेकला की हाताला कळायचं. मामी जेवणाआधी ताटात हात धुवायला पाणी घ्यायची. त्या पाण्यावर गोल गोल रेघा उभ्या राहायच्या. रेघा पुढे सरकत नसत, जागच्या जागी थरथरत. मामी म्हणायची, “इथं पाणीपण झोपत नाय.”

पहिल्याच दिवशी मी मामाच्या पाठीमागून काहीतरी विचारलं. तो वळला नाही. मी पुन्हा विचारलं. मग मामीनं त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला आणि मला म्हणाला, “तोंड दाखवून बोल. इथं सगळे असंच बोलतात.”

ते खरंच होतं. शेडमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. माणसं एकमेकांचे ओठ वाचत आणि हातानं बोलत. दोन बोटं एकमेकांत अडकवून सोडवली की धागा तुटला. पंजा खाली दाबला की माग थांबव. हातातून कापड ओढल्यासारखं केलं की खूप, लांबलचक. पाळी संपताना मुकादम ज्याचं त्याचं कापड मोजून लिहायचा, तेव्हा तळहातावर बोट फिरवायचं, म्हणजे लिहून घे. मी शाळेतून आलो की शेडच्या दारात उभा राहून हे बघत असे. महिन्याभरात मलाही येऊ लागलं. मामाच्या खोलीत निम्मं बोलणं असंच चाले. लाइट गेली की सगळे गप्प बसत, कारण अंधारात ओठ दिसत नसत. मला वाटायचं, सगळ्या घरांत असंच असेल.

नववीला विज्ञानात तरंग आले. मी मोठ्यानं पाठ करायचो. तरंग पुढे जातो, माध्यमाचे कण पुढे जात नाहीत. ते आपल्या मूळ जागेभोवती हलतात आणि ऊर्जा पुढच्या कणाला देतात. मामा समोर भाकरी खात बसलेला असायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत असायचा. एकदा तो मध्येच म्हणाला, “कण जात नाय?”

“नाय.”

“मंग जातं काय?”

“ऊर्जा.”

“ती दिसते कशी?”

“दिसत नाय.”

“मंग तुझ्या सरांनी कुठं बघितली?”

मामी म्हणाली, “सरांचं सर बघतील. भाकरी गार झाली.”

मामाचं शिक्षण चौथीपर्यंत. पण माझी परीक्षा जवळ आली की तो पुस्तक उघडून समोर बसे, पानावर बोट ठेवी आणि माझे ओठ बघे. मी एखादा शब्द गाळला तर त्याला कळायचं. आयाम म्हणजे काय, वारंवारता म्हणजे काय, हे त्याच्यासमोर मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी तो माझ्याबरोबरच ओठ हलवायचा. कण मूळ जागेपासून जास्तीत जास्त किती लांब जातो तो आयाम. एका सेकंदात किती वेळा हलतो ती वारंवारता. आयाम वाढवला की आवाज मोठा होतो. वारंवारता वाढली की आवाज बारीक, चिरका होतो. आयाम वाढवल्यास वारंवारतेवर काय परिणाम होतो? काहीही नाही. हा एका मार्काचा प्रश्न होता आणि तो दर वर्षी येई.

कॉलेज पालघरला केलं. गाडीनं बोईसर, उमरोळी, पालघर, एवढंच अंतर. भौतिकशास्त्र घेतलं. दुसऱ्या वर्षाला सरांनी स्थिर तरंगांचं उदाहरण विचारलं. सगळ्यांनी सतारीची तार सांगितली. मी म्हणालो, आमच्या ताटातलं पाणी. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “कुठं राहतोस?” मी सांगितलं. ते म्हणाले, “जर्नलमध्ये तेच लिही. आकृती काढ.” मी ताटाची आकृती काढली, काठाजवळ रेघा दाट काढल्या.

बीएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी मामानं एकच विचारलं, “आता दिसते का ऊर्जा?”

“अजून नाय.”

“मंग अजून शीक.”

म्हणून मी कारखान्यातल्या सेफ्टीचा डिप्लोमा केला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

मधल्या काळात लूमची शेड बंद पडली. माग तोडून ट्रकमध्ये भरले गेले. ताटातलं पाणी नुसतं पाणी झालं. मामा एका ठेकेदाराकडे लागला आणि त्यानं त्याला एका केमिकल कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं केलं. त्याच कंपनीत पुढे सेफ्टी विभागात जागा निघाली, ती मला मामानंच सांगितली. गेटवर बसलेल्या माणसाला सगळ्यांच्या आधी कळतं.

कामावर मी त्याला तुम्ही म्हणू लागलो. आमच्याकडे मामाला तू म्हणतात. पहिल्या दिवशी मी म्हणालो, “मामा, तुम्ही जेवलात का?” तो केबिनच्या खिडकीतून बघत राहिला. मग म्हणाला, “पगार तुझा सुरू झाला आणि मोठा मी झालो काय?” बाजूचा ड्रायव्हर हसला. तरी मी तुम्हीच म्हणत राहिलो. साहेब लोक असायचे.

गेटवरचं त्याचं काम चांगलं चालायचं. तिथे प्रत्येक माणूस खिडकीसमोर, उजेडात येऊन उभा राहतो आणि त्याच्या तोंडाकडे बघून बोलतो. मामाला याहून सोयीची जागा सापडली नसती. गावात तो बहिरा म्हणून ओट्यावर बसला असता. इथे तो गेटवरचा मामा होता. गाडी कुठली, माल कुठला, कुणाचा मुलगा आजारी, त्याला सगळं माहीत असे.

कोरोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि मामाला एका दिवसात काही कळेनासं झालं. लोक मास्कमधून बोलत, तो बघत राही. लोक ओरडत. ड्रायव्हर खिडकीला तोंड लावून ओरडत, “चाचा, नंबर लिखो, नंबर!” तो म्हणे, “ओरडू नको बाबा, तोंड दाखव.” लोकांना वाटे, मामा गंमत करतो. काही जण मास्क खाली ओढून बोलत आणि मी सेफ्टीचा म्हणून मला त्यांना मास्क वर करायला सांगावं लागे.

तेव्हा मी त्याला म्हणालो, पालघरला जाऊन कान तपासू.

तो म्हणाला, “मला भोंगा ऐकू येतो ना?”

“येतो.”

“मंग झालं. कान तपासला की कागद होतो. कागद झाला की ठेकेदार बघतो. गेट गेलं तर बोईसरात माझं काय काम हाय?”

भोंगा त्याला येत होता, ते खरं होतं. कंपनीचा जुना भोंगा जाड आवाजाचा होता. छातीत घुमायचा. तो वाजला की मामा सगळ्यांच्या आधी उठून मोठं गेट बंद करायचा, बाजूचं लहान गेट उघडायचा आणि आत कोण कोण आहे त्याचं रजिस्टर घेऊन जमायच्या जागेवर जायचा. आमच्या भागात गॅस सुटणं, आग लागणं या गोष्टी होतात. वॉचमननं गेट बंद केलं नाही तर बाहेरची गाडी सरळ आत येते. ही गोष्ट साधी आहे आणि मला ती डिप्लोमात शिकवली होती.

मास्क गेले. मग कंपनीनं भोंगा काढला आणि नवीन हूटर बसवला. त्याचा आवाज बारीक, शिट्टीसारखा. आम्हाला तो डोक्यात शिरल्यासारखा वाटे. पहिल्या काही मॉक ड्रिलला मामा वेळेवर उठला. ड्रिल चहाच्या सुट्टीत असायचं, लोक गेटजवळून पळत आणि तो त्यांना बघून उठे. मला ते दिसत होतं. मी साहेबांना म्हणालो, गेटवर दिवा लावू या, हूटरबरोबर फिरणारा. साहेब म्हणाले, “बघू. आधी आवाज वाढवून बघ.” आवाज वाढवला.

आयाम वाढवल्यास वारंवारतेवर काय परिणाम होतो? काहीही नाही. ज्या बारीक आवाजांसाठी मामाच्या कानात जागाच उरली नव्हती, ते अजून मोठे होऊन तिथवर आले आणि तसेच गेले.

पुढचं ड्रिल साहेबांनी न सांगता ठेवलं. सगळे आत, शेडमध्ये. आतल्या रस्त्यावर कुणी नाही. माझं काम गेटच्या आत, केबिनच्या मागच्या अंगाला घड्याळ घेऊन उभं राहण्याचं होतं. हूटर वाजला. मामा केबिनमध्ये बसला होता, पाठ प्लांटकडे, तोंड रस्त्याकडे. समोर एक टँकर उभा होता. तो त्याचा नंबर लिहून घेत होता. लिहून झाल्यावर त्यानं ग्लासातला चहा घेतला. हूटर वाजतच होता. माझ्या कानात तो इतका भरला होता की मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्या वेळी मला काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. काही वाटलं नाही. हातातलं घड्याळ गार होतं, एवढं आठवतं.

शेवटी टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला, खिडकीसमोर गेला आणि म्हणाला, “चाचा, सायरन बज रहा है, सुनाई नहीं देता?” मामानं त्याचे ओठ वाचले. उठला. गेट बंद केलं, रजिस्टर घेतलं, बाहेर आला. मग त्याला मी दिसलो.

मधे आतला रस्ता होता. हूटरमध्ये बोलून उपयोग नव्हता. त्यानं मनगटावर बोट आपटून हनुवटी वर केली. किती वेळ?

मी दोन्ही हातांनी कापड ओढलं. खूप.

त्यानं मान हलवली. मग डावा तळहात पुढे केला आणि त्यावर उजव्या हाताचं बोट फिरवलं. लिहून घे. मी उभाच राहिलो, तेव्हा त्यानं पुन्हा फिरवलं, जरा जोरात, मुकादम ऐकत नसला की फिरवायचा तसं. आणि पंजा खाली दाबला.

टँकरचा ड्रायव्हर आमच्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, ड्रिलच्या काही खुणा असतील.

मी झालं तसं लिहिलं. खाली सूचना लिहिली की गेटवर दिवा लावावा आणि जुन्या भोंग्यासारखा जाड आवाजही ठेवावा, कारण अनेक कामगार लूमवर काम केलेले आहेत आणि त्यांना बारीक आवाज येत नसण्याची शक्यता आहे. साहेबांनी वाचलं. “सूचना चांगली आहे,” म्हणाले. पुढच्या आठवड्यात ठेकेदारानं गेटवर दुसरा माणूस आणला. मामा कंपनीचा नव्हताच, ठेकेदाराचा होता. त्यामुळे कुणाला काही ठरवावं लागलं नाही.

मग आम्ही पालघरला गेलो. आता कागद झाला तरी चालणार होता. तपासणाऱ्या बाईंनी मामाला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. मी बाहेरून बघत होतो. जाड आवाजांना तो लगेच दाबे. मग बाई आवाज बारीक करत गेल्या आणि तो बाईंच्या तोंडाकडे बघू लागला. त्यांनी तोंड फिरवलं.

बाईंनी आलेख दाखवला. आडव्या रेघेवर वारंवारता होती. डावीकडे रेघ बरी चालली होती, मधेच खाली कोसळली होती. बाई म्हणाल्या, “हे लूमवाल्यांचं असंच असतं. आवाज येतो, शब्द कळत नाही. स, श, च, ट हे बारीक असतात, ते जातात. घरच्यांना सांगा, ओरडू नका, समोर बसून सावकाश बोला.”

मी म्हणालो, “आमच्याकडे तसंच बोलतात.”

मामानं आलेखाकडे बघितलं. “हा आपल्या गावचा उतार हाय,” म्हणाला. “खाली नदी दाखवली नाय बाईंनी.”

कानाचं यंत्र घेतलं. त्यानं ते दुकानात लावलं, रस्त्यावर आल्यावर काढलं आणि खिशात ठेवलं. रिक्षा फार चिरकतात म्हणाला. खोली सोडून तो आणि मामी गावाला गेले. सामान टेम्पोत चढवायला मी होतो. ते ताट मामीनं सगळ्यात शेवटी, कपड्यांत गुंडाळून ठेवलं. मामा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि ड्रायव्हरकडे वळून त्याचं तोंड बघत होता.

गावात फोन लागतो, पण फोनला तोंड नसतं. व्हिडिओ कॉल अडकत येतो, ओठ पुढे आणि आवाज मागे राहतो. म्हणून मी पत्र लिहिलं. तेच खाली देतो.

मामा,

नमस्कार. मी बरा आहे. तू आणि मामी बरे असाल. आई सांगत होती, तू ओट्यावर न बसता बांधावर जाऊन बसतोस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गावचा पत्ता विचारतोस. गेटची सवय आहे, जाणार नाही.

इथे तू विचारशील म्हणून सांगतो. कंपनीनं गेटवर दिवा लावला. लाल, फिरणारा. तू गेल्यावर लावला. नवीन वॉचमनला हूटर चांगला ऐकू येतो, त्याला दिव्याची गरज नाही. आणि दिवा लावलाय केबिनच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे त्यानं रस्त्याकडे तोंड केलं की तो पाठीमागेच राहतो. मी तो पुढे घ्यायला सांगितलं आहे. साहेब बघू म्हणाले. मी दर आठवड्याला विचारतो. टँकरवाला मला विचारत होता, चाचा कहाँ गये. मी त्याला गाव सांगितलं. तो म्हणाला, मनोरवरूनच जातो, एखाद्या दिवशी गाडी थांबवीन. आला तर त्याला चहा दे. तोच खाली उतरून तुझ्यासमोर आला होता.

मी त्या दिवशी लिहिलं ते तू सांगितलंस म्हणून लिहिलं नाही. तू सांगितलं नसतंस तरी मला लिहावं लागलं असतं. गेटवर कुणीही असता तरी तेच लिहिलं असतं, असं मी स्वतःला सांगतो आणि ते खरंही आहे. तरी ते तूच आधी सांगितलंस हे मला माहीत आहे.

तू विचारलं होतंस, कण जात नाय, मंग जातं काय. मी अजून नीट सांगू शकत नाही. पुस्तकात आहे तेवढंच सांगतो. तू मला बोईसरला आणलंस, शिकवलंस, कंपनीत लावलंस, आणि आता तू परत तुझ्या जागेवर आहेस आणि मी इथे पुढे आहे. एवढं मला दिसतं. याला ऊर्जा म्हणायचं का, ते सरांना विचारायला हवं.

आता कामाचं. यंत्र डबीत ठेवू नकोस. एकदम दिवसभर लावू नकोस, बाईंनी सांगितलं तसं सकाळी थोडा वेळ लाव. तिथे रिक्षा नाहीत. सकाळी झाडावर पाखरं असतात. पुष्कळ वर्षांत तुला ती आली नसतील. लावून बस आणि बघ. कावळा येईल, होला येईल, त्यांचे आवाज जाड. बारीक पाखरं कदाचित येणार नाहीत. कोणती ऐकू येतात आणि कोणती नुसती चोच हलवतात, तेवढं मामीकडून लिहून पाठव. त्याप्रमाणे यंत्र थोडं कमीजास्त करून देता येतं, बाई म्हणाल्या आहेत. मी सुट्टी काढून येतो आणि तुला पालघरला घेऊन जातो.

तुझा,
भाचा